साडेनऊचा गजर

"आत या, सेन्यो," पेत्रोना म्हणाली. दार तिनं कोपरानं ढकलून धरलं होतं. दोन्ही हात मक्याच्या ओल्या पिठानं भरले होते. "लवकर या. थंडी आत येते."

मी बूट काढून दारापाशी ठेवले आणि नेहमीच्या जागी, खिडकीखाली जमिनीवर बसले. पेत्रोनाची मुलगी मिकाएला टेबलाखाली होती. मला बघून ती आणखी आत सरकली.

"आज रिगोबेर्तो घरी नाही," पेत्रोना नवऱ्याबद्दल म्हणाली. "त्याला दिवसपाळी मिळाली, कालपासून. म्हणून तुम्हाला सकाळी बोलावलं. आता पडद्यामागे कुणी झोपलेलं नाही. आवाज केला तरी चालेल."

पण आवाज कुणीच केला नाही. पेत्रोनानं हात धुतले. मी पिशवीतून कापडाची कोंबडी काढली आणि तिच्या हातात दिली.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. अमेरिकेत डेलावेअर राज्यातल्या एका लहान गावात मी तेव्हा काम करत होते. गावात कोंबड्या कापण्याचे दोन कारखाने होते आणि कारखान्यांमागे, शेताच्या कडेला, पत्र्याच्या लांबट घरांच्या ओळी. त्यांत मेक्सिको, होंडुरास, ग्वातेमालाहून आलेली कुटुंबं राहत. ज्यांच्या घरी तीन वर्षांखालचं मूल असेल त्यांच्याकडे मी आठवड्यातून एकदा तासभर जायचे. पुण्यात शिकलेलं स्पॅनिश असं उपयोगी पडलं होतं. खेळणं किंवा पुस्तक न्यायचं, पण मुलाच्या हातात द्यायचं नाही, आईच्या हातात द्यायचं, हा आमचा नियम. मुलाला आम्ही काही शिकवायचं नाही. शिकवणारी आई. आपण बाजूला बसून, ती जे बरं करते ते तिला दाखवून द्यायचं. ग्वातेमालाकडच्या बायका मला 'सेन्यो' म्हणत. तिकडे शिक्षिकेला म्हणतात तसं.

पेत्रोनानं कोंबडी उलटसुलट करून बघितली, टेबलाखाली वाकून धरली आणि स्पॅनिशमध्ये म्हणाली, "कोंबडी." थोडं थांबून म्हणाली, "लाल."

मिकाएला बघत राहिली.

"अजून बोला तिच्याशी," मी म्हणाले. हे वाक्य मी सव्वा वर्ष दर मंगळवारी म्हणत होते. "कोंबडी काय करते, कुठे जाते, काहीही."

"कोंबडी," पेत्रोना पुन्हा म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. परीक्षेला बसलेल्या मुलीसारखं.

माझ्या वहीत तिच्या नावापुढे 'आई अबोल' असं लिहिलेलं होतं. मुलीच्या नावापुढे लिहिलं होतं, 'शब्द: चार.' मार्चच्या अकरा तारखेला मिकाएला तीन वर्षांची होणार होती. तीन पूर्ण झाली की आमचं काम संपतं आणि मूल शाळा खात्याकडे जातं. त्याआधीच्या गुरुवारी शाळेत तिच्या बोलण्याची तपासणी होती. त्या तपासणीसाठी तिचं नाव मीच पाठवलं होतं. चार शब्दांचं मूल कुठे जाणार हे मला ठाऊक होतं. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक वर्ग होता, नऊ मुलांचा. त्यातलं एकही मूल बोलत नव्हतं; त्यांना न्यायला वेगळी छोटी बस यायची.

पेत्रोनालाही ते ठाऊक होतं.

"छोट्या बसमध्ये बसवतील का तिला?" तिनं विचारलं. कोंबडी अजून तिच्या हातात होती. "शेजारच्या ओल्गाचा मुलगा त्या बसमधून जातो. सहा वर्षांचा झाला. अजून त्याच बसमध्ये आहे."

"ते बघून ठरवतील."

"पण तुम्ही सांगाल ना त्यांना? ही वेडी नाही म्हणून."

"मी जे बघितलं ते सांगेन."

"तुम्ही काय बघितलं?"

मी पिशवीत हात घालून उगीच दुसरं पुस्तक शोधू लागले. त्या दिवसांत माझं बरंचसं काम असंच चाललं होतं. हात पिशवीत जायचे, तोंडातून ठरलेली वाक्यं यायची, गाडी ठरलेल्या वळणावर वळायची. मी दमलेली नव्हते, दुःखीही नव्हते. दातांच्या डॉक्टरकडून आल्यावर गालाला हात लावून बघतो ना आपण, गाल आपलाच आहे ना म्हणून, तसं होतं काहीतरी.

तेवढ्यात फोन वाजला. माझाच, पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात. मी काढून बंद केला.

"घ्या ना फोन," पेत्रोना म्हणाली. "मी काही म्हणणार नाही."

"फोन नाही. गजर आहे."

"कसला?"

"आईला फोन करायचा."

"मग करा. आई वाट बघत असेल."

"आई नाही," मी म्हणाले. "गेली. एक्केचाळीस दिवस झाले."

पेत्रोना खाली बसली. माझ्यासमोर, जमिनीवर. सव्वा वर्षात ती प्रथमच बसली होती. एरवी मी असेपर्यंत ती उभीच असायची.

"आणि तो गजर?"

"काढायचा राहिला."

आमच्या सकाळच्या साडेनऊला तिकडे रात्रीचे आठ वाजतात. आई जेवून, भांडी पालथी घालून, फोन घेऊन उंबऱ्यात बसायची. त्या वेळेला मी कधीच कुणाच्या घरी जायचं ठरवत नसे. गाडी कुठेतरी कडेला लावून बोलायचे. आई गेल्यावरही ती वेळ मी तशीच रिकामी ठेवली होती. गाडीत बसायचे, गजर वाजला की बंद करायचा आणि दहा वाजता पुढच्या घरी. पेत्रोनानं सकाळची वेळ मागितली तेव्हा मी हो म्हणून टाकलं होतं, इतकंच.

"तुम्ही गेला होतात? पुरायला?"

"आमच्यात जाळतात. गेले होते. तिसऱ्या दिवशी पोचले."

"म्हणजे उशिरा."

"हो."

तिनं मान हलवली. सांत्वन वगैरे काही केलं नाही. मग तिनं विचारलं, "आई फोनवर इंग्रजी बोलायची?"

"नाही."

"स्पॅनिश?"

मला हसू यायला हवं होतं. "नाही. आमची भाषा वेगळी आहे. मराठी."

"मराठी," ती म्हणाली. "मोठी भाषा आहे? शाळेत असते?"

"असते."

"इथे कुणाशी बोलता?"

"कुणाशी नाही. नवरा दुसऱ्या प्रांतातला. घरी आम्ही इंग्रजी बोलतो. फक्त आईशी बोलायचे."

"मग आता?"

"आता नाही."

ती म्हणाली, "आई फोन उचलल्यावर काय म्हणायची?"

"बोल," मी म्हणाले. "हॅलो नाही, काही नाही. 'बोल' म्हणायची."

"म्हणजे काय?"

मी स्पॅनिशमध्ये सांगितलं. पेत्रोनानं तो शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून बघितला. मग तिनं एकदा पडद्याकडे बघितलं. पडद्यामागे कुणी नव्हतं, तरी बघितलं. आणि टेबलाखाली तोंड करून ती काहीतरी बोलली.

ते स्पॅनिश नव्हतं. घशातल्या घशात बारीक गारगोट्या फुटाव्यात तसे आवाज होते त्यात, आणि मधेच लांब ओढलेला सूर. बोलताना तिचे खांदे खाली आले, हात हलू लागले. तिचा खरा आवाज मला वाटत होता त्याहून जाड होता.

आणि टेबलाखालून उत्तर आलं.

एक शब्द नाही. दोन नाही. मिकाएला गुडघ्यांवर बाहेर आली, आईच्या हातातून कोंबडी ओढून घेतली, तिचे कापडी पंख उचलून दाखवले आणि बोलत सुटली. मधेच थांबून आईला काहीतरी विचारलं, उत्तर पटलं नाही म्हणून मान उडवली आणि पुन्हा सुरू झाली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

पेत्रोनाचे गाल लाल झाले होते. "म्हणते, ही कोंबडी खोटी आहे. बाबा आणतात त्या कोंबड्यांना पिसं नसतात. हिला पिसं कुणी लावली?"

मी वहीकडे बघितलं. 'शब्द: चार.'

"ही कुठली भाषा?"

"माम. आमच्या डोंगरात बोलतात." आणि घाईघाईनं, "रिगोबेर्तोला सांगू नका हं, सेन्यो. तो म्हणतो, कुणासमोर बोलायचं नाही. तुम्ही यायचात तेव्हा तो पडद्यामागून ऐकत असायचा. आणि तुम्ही स्पॅनिशमध्येच म्हणायचात, अजून बोला, अजून बोला. मला स्पॅनिश कुठं येतं? बाजारापुरतं येतं. बाजारापुरतं स्पॅनिश घेऊन मुलीशी काय बोलू?"

सव्वा वर्षापूर्वी पहिल्या दिवशी मी याच जमिनीवर बसून अर्ज भरला होता. 'घरची भाषा' असा एक रकाना होता. तो मी विचारून भरला नव्हता. रिगोबेर्तो स्पॅनिशमध्ये उत्तरं देत होता, मी लिहून टाकलं, स्पॅनिश.

"पेत्रोना," मी म्हणाले, "हे गुरुवारी सांगायला हवं."

"नाही."

"नाही सांगितलं तर तिला त्या बसमध्ये बसवतील."

"आणि सांगितलं तर तो म्हणेल, सगळ्या गावासमोर मला इंडियन, डोंगरातला आदिवासी, केलंस." तिनं कोंबडीचा पंख नीट केला. "तुम्हाला माहीत नाही, सेन्यो, तो शब्द आमच्यात कसा उच्चारतात."

"तुम्ही नका सांगू. मी सांगते. चूक माझ्या हातची आहे, कागद माझ्या हातचा आहे."

ती हो म्हणाली नाही. निघताना तिनं फडक्यात गुंडाळलेल्या तीन गरम भाकऱ्या माझ्या पिशवीत ठेवल्या. आमच्या नियमात काही घ्यायचं नसतं. मी घेतल्या. गाडीत बसून तिन्ही खाल्ल्या, कोरड्याच. चव लागली की नाही ते आठवत नाही.

*

गुरुवारी शाळेतल्या एका खोलीत आम्ही पाच जणं होतो. तपासणी करणाऱ्या बाई, साठीच्या, गळ्यात चष्मा अडकवलेल्या. पेत्रोना, मांडीवर मिकाएला. रिगोबेर्तो चर्चला घालतात तसा पांढरा शर्ट घालून आला होता; नखांच्या कडा इतक्या घासलेल्या की गुलाबी दिसत होत्या. बाईंना स्पॅनिश जुजबी येत होतं, म्हणून दुभाषी मी.

चित्रं झाली, ठोकळे झाले. मिकाएला सगळं बघत होती, ठोकळे बरोबर रचत होती आणि तोंड उघडत नव्हती. बाई कागदावर शून्य लिहीत होत्या. ते उलट बाजूनंही वाचता येत होतं.

"एक सांगायचं आहे," मी म्हणाले. "अर्जावर घरची भाषा स्पॅनिश लिहिली आहे. ते मी लिहिलं. न विचारता लिहिलं. ते चूक आहे."

बाईंनी चष्मा काढला. "मग घरी काय बोलतात?"

हे मी स्पॅनिशमध्ये विचारायच्या आत रिगोबेर्तो बोलला. त्याला तेवढं इंग्रजी कळलं असावं. "स्पॅनिश," तो म्हणाला. "आमच्या घरी स्पॅनिश. सेन्योचा काहीतरी गोंधळ झालाय." मग माझ्याकडे वळून, हसत, दात न दाखवता, "तुम्ही आमच्या घरच्या आहात का? घरी काय बोलतात ते मला माहीत."

बाईंनी पेन उचललं. पुढची पायरी आली, ती करायची म्हणून केली. पेटीतून बाहुली काढली, टेबलावर आडवी ठेवली, वर रुमाल घातला आणि मला म्हणाल्या, "विचारा तिला, बाहुलीला काय झालं?"

मी स्पॅनिशमध्ये विचारलं. मिकाएलानं बाहुलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. काही नाही.

बाई शून्य लिहिणार, तेवढ्यात पेत्रोनानं हात पुढे केला. कागदावर नाही, टेबलावर ठेवला, बाहुलीच्या शेजारी. नवऱ्याकडे तिनं बघितलंच नाही. मुलीच्या कानाजवळ तोंड नेऊन तिनं तोच प्रश्न त्यांच्या भाषेत विचारला. हळू नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असा.

मिकाएला लगेच बोलली. बरंच बोलली, बाहुलीकडे बोट करून.

"काय म्हणाली?" बाई म्हणाल्या.

पेत्रोना स्पॅनिशमध्ये सांगू लागली आणि मी इंग्रजीत.

"ती म्हणते, बाहुलीला झोप आलेली नाही."

"हं."

"ती नुसती आडवी पडलीय."

बाई लिहीत होत्या. पेत्रोना पुढचं सांगत होती. मी ते ऐकलं आणि मला ते इंग्रजीत करता येईना. शब्द अवघड नव्हते. बाईंनी वर बघितलं.

"म्हणते..." मी म्हणाले, "तिला कुणी हाक मारत नाही, म्हणून ती उठत नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी कागदावरची शून्यं बघितली, मग मिकाएलाकडे बघितलं. "हे मूल माझ्या नातवापेक्षा बरं बोलतं," त्या म्हणाल्या, "आणि तो पाच वर्षांचा आहे." हे मी स्पॅनिशमध्ये सांगितलं. पेत्रोनानं ते मुलीला त्यांच्या भाषेत सांगितलं. तिकडे आणखी काय सांगितलं कुणास ठाऊक, मिकाएला हसली.

तपासणी रद्द झाली. माम येणारा दुभाषी मिळाल्यावर पुन्हा करायची ठरली. दोन महिन्यांनी झालीही, टेलिफोनवरून, आणि छोट्या बसचा विषय पुन्हा निघाला नाही. अर्जावरचा शब्द मी त्याच खोलीत खोडला, नवा लिहिला आणि बाजूला सही केली.

बाहेर व्हरांड्यात रिगोबेर्तो माझ्यासाठी थांबला होता. शर्टाचं वरचं बटण त्यानं काढलं होतं.

"कारखान्यात होंडुरासचे लोक आहेत," तो म्हणाला. "मी आमच्या भाषेत बोललो की ते कोंबडीसारखा आवाज काढतात. सगळी लाइन हसते. चार वर्षं झाली." त्यानं मिकाएलाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "हिच्यासमोर कुणी तसा आवाज काढू नये, म्हणून."

"समजलं," मी म्हणाले.

"नाही समजलं," तो म्हणाला, पण चिडून नाही. मग मुलीच्या पाठीवर थोपटत तो तिच्या कानात काहीतरी बोलला. त्यांच्या भाषेत. दार उघडून ती तिघं गेली.

*

त्या रात्री मला आईचा शेवटचा फोन आठवला. म्हणजे विसरले नव्हते. त्याकडे बघितलं नव्हतं.

आई तासगावकडच्या एका गावात तीस वर्षं अंगणवाडी सेविका होती. वजनकाटा खांद्याला लावून घरोघर जायची. आढ्याला काटा टांगायचा, झोळीत मूल बसवायचं, आकडा लिहायचा. तेवढा वेळ मला शेजारच्या काकूंकडे बसवून ठेवलेलं असे आणि त्याचा राग मी बरीच वर्षं जपला होता. ही नोकरी लागली तेव्हा ती फोनवर हसत सुटली होती. "म्हणजे माझंच काम की गं! याच्यासाठी एवढं विमानात बसून गेलीस?"

माझ्या सगळ्या घरांची तिला माहिती असायची. त्या दिवशी तिनं फोन उचलला, "बोल," म्हणाली आणि मी काही बोलायच्या आत, "ती पोर बोलली का?"

"नाही अजून."

"घरात काय बोलतात ती माणसं?"

"स्पॅनिश."

"तू ऐकलंस, का कागदावर वाचलंस?"

"आई, मीच लिहिलाय तो कागद."

"तसं नव्हे गं. आमच्याकडे नंदीवाल्यांची पालं पडली होती बघ, तू चौथीत होतीस. तिथली एक पोर, वर्षभर मला एक अक्षर बोलली नाही. तर एकदा काय झालं..."

"आई, उद्या सांग ना. मला उशीर होतोय."

"बरं. जा. पण ऐक हं उद्या."

मला उशीर वगैरे काही होत नव्हता. पुढच्या घरी दहाला पोचायचं होतं आणि नऊ पस्तीस झाले होते. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे पहाटे, चुलीपुढे, ती गेली. गजर वाजला तेव्हा मी विमानात होते.

नंदीवाल्यांच्या त्या मुलीचं काय झालं ते सांगणारं आता कुणी नाही.

*

पुढच्या मंगळवारी शेवटची भेट. बरोबर नऊला मी गेले. पेत्रोनाला पुस्तक दिलं. तिनं चित्रं बघून मुलीला गोष्ट सांगितली, चांगली लांब, आणि मला त्यातलं काही कळलं नाही. मी ऐकत बसले. वहीत लिहिण्यासारखं काही नव्हतं.

साडेनऊला पिशवीत गजर वाजला.

मी हात पुढे करायच्या आत मिकाएला तिथे पोचली होती. तिनं कप्प्यातून फोन काढला. वाजतच होता. तिच्या बोटाखाली तो कसा बंद झाला मला माहीत नाही. दोन्ही हातांनी तिनं तो कानाला लावला आणि थोडा वेळ ऐकलं.

"कुणी नाही त्यात," पेत्रोना तिला स्पॅनिशमध्ये म्हणाली, मला कळावं म्हणून. "दे सेन्योला."

मिकाएलानं फोन दिला नाही. माझ्यासमोर येऊन उभी राहिली, फोन कानालाच ठेवून, आणि मागच्या खेपेला टेबलाखाली बसून ऐकलेला शब्द तिनं उच्चारला. शेवटचं अक्षर थोडं घशात अडकलं, पण शब्द स्वच्छ होता.

"बोल."

पेत्रोनानं तोंडावर हात ठेवला. मिकाएला हलली नाही. तिला उत्तर हवं होतं. ज्याच्याशी बोलतो त्यानं उत्तर द्यायचं असतं, हे तिला आता माहीत होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत थांबली.

"आई," मी म्हणाले, "उशीर झाला गं मला."